घरी सगळ्यांनी मिळून पाहावेत असे मराठी चित्रपट: तुम्ही कोणते सुचवाल?

अंगणवारा

पावसाळ्यात आई-बाबा गावाहून आमच्याकडे येतात ते गौरी-गणपती उरकेपर्यंत राहतात. रात्रीची जेवणं लवकर आटपतात आणि मग टीव्हीसमोर तीन पिढ्यांची बैठक बसते. काय लावायचं यावर अर्धा तास खल होतो, तेवढ्यात कोणाला तरी झोप येते, आणि शेवटी जी मालिका चालू असेल तीच पुढे चालू राहते. यंदा तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हा धागा.

एक विनंती आहे. नुसती नावं टाकून जाऊ नका. नावांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. तुम्ही तो चित्रपट घरी कोणाबरोबर पाहिलात आणि त्या माणसांना त्यातलं काय भिडलं, ते लिहा. थिएटरात आलेला प्रत्येक जण तिकीट काढून त्याच चित्रपटासाठी आलेला असतो. घरी तसं नसतं. आजीला ऐकू कमी येतं, आजोबांना हाणामारी सोसत नाही, मुलांना मराठी समजतं पण संथपणा झेपत नाही. म्हणून चित्रपट चांगला आहे की नाही याच्या आधी समोर कोण बसलंय ते बघावं लागतं, असं माझं पक्कं मत झालंय. आणि शेवट कोणी फोडू नका, प्लीज.

सुरुवात मी करते. आमच्याकडे सगळ्यांना एकाच वेळी आवडलेला चित्रपट म्हणजे परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009). दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा केला त्याची गोष्ट. भारतातर्फे ऑस्करला गेला होता म्हणून आम्ही सगळे जरा सावरून बसलो होतो, पण पहिल्या पाच मिनिटांतच सगळे हसायला लागले. नंदू माधव यांचे फाळके म्हणजे घरातला उत्साही, उचापती काका. पैसे नाहीत, घरातल्या वस्तू विकायला निघतायत, डोळ्यांचं दुखणं मागे लागलंय, आणि तरी चेहऱ्यावर कुठे रडगाणं नाही. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाईंना तर आईने पूर्ण गुण दिले. "नवऱ्याचं वेड सांभाळणं हे काम आहे, आणि ते तिने आनंदाने केलंय," असं तिचं म्हणणं. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके उभे राहतात, तो भाग मुलांनी मागे नेऊन पुन्हा पाहिला. फाळक्यांनी आधी रोप उगवतानाचं चित्रीकरण केलं होतं, ते पाहून आमच्या धाकटीने वाटीत मूग पेरले आणि खिडकीत ठेवून रोज एकाच जागेवरून फोटो काढायला लागली. मूग वाढले, फोटो जोडले, आणि आजोबांच्या वाढदिवसाला त्याचा खेळ झाला. 3 मे 1913 ला गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' पाहताना लोकांना काय वाटलं असेल, ते त्या संध्याकाळी घरात थोडं तरी कळलं.

आता तुम्ही लिहा.

---

जुनी_रीळ

मस्त धागा. आई-बाबा वारकरी वळणाचे असतील तर डोळे मिटून 'संत तुकाराम' (1936) लावा. प्रभात फिल्म कंपनीचा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. यूट्यूबवर मिळतो. जुना, कृष्णधवल म्हणून मुलं नाकं मुरडतील, त्यांना फक्त जिजाई येईपर्यंत थांबवा.

विष्णुपंत पागनीस यांचे तुकाराम सगळ्यांना ठाऊक आहेत. माझ्या मते घरात बसून हा चित्रपट पाहताना खरी उमगते ती गौरी यांची जिजाई. तुकोबा जे काही करतात त्याचा हिशेब हिच्या चुलीपाशी चुकता होतो. पोर तापाने फणफणलंय आणि ही हातात वहाण घेऊन थेट देवळात शिरते, विठोबाला जाब विचारायला. आमच्या आजीने (रोज हरिपाठ म्हणणाऱ्या) त्या प्रसंगाला पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "बरोबर आहे तिचं." सबंध चित्रपटात तिला एवढं आपलं दुसरं काही वाटलं नाही. तुकोबांच्या मोठेपणाला जराही धक्का न लावता त्यांच्या बायकोचीही बाजू तितकीच खरी ठेवायची, हे त्या मंडळींना 1936 साली जमलं. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं, ते मी चमत्कारांच्या दृश्यांपेक्षा या घरातल्या दृश्यांच्या खात्यावर टाकतो.

आणखी एक. 'आधी बीज एकले' हे गाण्यात आलं की घरातलं कोणीतरी म्हणेल, तुकोबांचा अभंग. गाथेत शोधायला जाऊ नका, ते शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं आहे. आमच्याकडे बाबांनी गाथा काढून अर्धा तास चाळली होती.

पुण्यातली मंडळी असाल तर मुलांना हेही सांगा: जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथेच प्रभातचा स्टुडिओ होता. दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावरून जाताना त्यांची नजर वेगळी असते.

---

उंबराचं_झाड

+१ संत तुकाराम. पण टीव्हीवर लावताना एक काळजी घ्या. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी असते. आताचे टीव्ही ती ताणून सगळा पडदा भरून टाकतात आणि पागनीस उगाच रुंद दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार 4:3 किंवा 'मूळ' करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. तसंच 'मोशन स्मूदिंग' नावाचं जे काही असतं (प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं) ते बंद करा. ते चालू असलं की कुठलाही चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

माझी शिफारस: 'सिंहासन' (1979). सासऱ्यांबरोबर पाहिला. ते मंत्रालयात कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी दिग्दर्शन केलं. मुख्यमंत्र्यांना एक निनावी फोन येतो, तुमचं सरकार पाडायचा घाट घातला जातोय, आणि तिथून खेळ सुरू होतो. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, श्रीराम लागू अर्थमंत्री, आणि हे सगळं बघणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले.

घरी पाहण्यातला फायदा असा की सासरे दर दहा मिनिटांनी रिमोट मागायचे. थांबवायचे आणि सांगायचे: असा माणूस आमच्या मजल्यावर होता, फाईल अशी अडवायची, अमुक साहेब केबिनमधून बाहेर आले की शिपाई कसा उभा राहायचा. एरवी वेळेत संपायचा चित्रपट मध्यरात्रीपर्यंत चालला. नोकरीतलं एवढं ते त्याआधी कधीच बोलले नव्हते. मुलाने ते मोबाइलवर रेकॉर्ड केलंय.

---

सायंतारा

मधे मधे थांबवण्याला माझा विरोध आहे :) 'सिंहासन'चं एक वेळ चालेल, पण काही चित्रपट थांबवले की मरतात. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (2014) घ्या. कॅमेरा लांब ठेवलेला, हलत नाही, दृश्य संपलं असं वाटल्यावरही चालूच राहतं. ज्याने फोन हातात घेतला त्याला पुढे काहीच मिळत नाही. आम्ही तिघी मैत्रिणींनी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहिला.

लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्यावर खटला आहे: त्यांचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला, असा आरोप. पण चित्रपट कोर्टात थांबत नाही, तो वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जातो. गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील लोकलने घरी येते, स्वयंपाक करते, वाढते. कोर्टात ज्या बाईचा राग आलेला असतो तीच ही, आपल्या शेजारी राहणारी. मी स्वतः रोज लोकलने कोर्टाच्या भागात कामाला जाते. त्या प्रवासात शेजारचीशी तेलाबिलाच्या, दुखण्याखुपण्याच्या गप्पा होतात ना, तशाच्या तशा. मला तिथे चित्रपट नुसता खरा वाटायचा थांबला आणि आमचा वाटायला लागला. आणि कामगाराच्या बायकोची उलटतपासणी. ती बाई आवाज जराही न चढवता उत्तरं देते. त्या दृश्यानंतर आम्ही कोणी पाणी प्यायलाही उठलो नाही.

साथीदार 2021 मध्ये कोविडने गेले. त्यानंतर पुन्हा पाहिला, जास्त जड गेला.

तीन पिढ्यांच्या बैठकीला मात्र हा लावू नका. दोघा-तिघांनी, जागं राहून पाहायचा आहे.

---

दूरदेशी

आम्ही भारताबाहेर राहतो, मुलं इथेच वाढलेली. मराठी समजतं, वाचता येत नाही, आणि बोलताना इंग्रजीच पुढे येतं. त्यांच्यासाठी 'एलिझाबेथ एकादशी' (2014) सोन्यासारखा. हाही परेश मोकाशींचाच, कथा मधुगंधा कुलकर्णी यांची. पंढरपुरातला ज्ञानेश, त्याची बहीण झेंडू, आणि वडिलांनी बनवलेली सायकल, तिचं नाव एलिझाबेथ. आई स्वेटर विणून घर चालवते, कर्ज थकल्यामुळे विणायचं मशीन जप्त झालंय, सायकल विकायची वेळ येते. मग ही पोरं कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात.

आमच्या मुलांना वारीबद्दल पुस्तकातून सांगून काही पोचलं नव्हतं. इथे त्यांना गर्दी दिसली, धंदा दिसला, भाव करणारी गिऱ्हाइकं दिसली, आणि एकही माणूस त्यांना उपदेश करत नव्हता. मुलगी आठवडाभर झेंडूसारखं ठसक्यात बोलत होती. सबटायटल चालूच ठेवा, मुलं दोन्ही भाषांत एकदम ऐकतात आणि चुका काढतात, त्यात त्यांना मजा येते. या चित्रपटाला बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे, पण माझी आई म्हणाली, हा पुरस्कार मोठ्यांच्या चित्रपटाचा हवा होता.

त्याच्या जोडीला 'किल्ला' (2014). वडील गेलेत, आईची कोकणात बदली, अकरा वर्षांचा चिन्मय नव्या शाळेत. पार्थ भालेरावचा बंड्या बघून आमचा मुलगा म्हणाला, असा मित्र मला हवा. दिग्दर्शक अविनाश अरुण यांनीच कॅमेरा केलाय, तो पाऊस बघून घरची आठवण आली नाही असा एकही मराठी माणूस मला इथे भेटलेला नाही. हा दिवसा पडदे उघडे ठेवून पाहू नका, अंधारातल्या दृश्यांचं काही दिसत नाही.

---

कृष्णाकाठ

इथे 'अस्तु'चं नाव अजून आलं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. 2013 चा, थिएटरात 2016 ला आला, बहुतेकांचा राहूनच गेला.

डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणि शास्त्री उभे केलेत, ज्यांना अल्झायमर झालाय. मुलगी त्यांना गाडीत बसवून जरा कामाला जाते, तेवढ्यात त्यांना रस्त्यात हत्ती दिसतो, आणि ते उतरून हत्तीच्या मागे चालायला लागतात. मुलगी शोधत राहते, आणि ते माहुताच्या कुटुंबात जाऊन पोचतात. माहुताची बायको चन्नम्मा, म्हणजे अमृता सुभाष, कन्नड बोलणारी, त्यांना लहान मुलासारखं सांभाळते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

माझ्या आईला हाच आजार आहे. मी आणि माझी भावंडं एका रविवारी मुद्दाम जमलो, आईची सोय शेजारी केली, आणि पाहिला. आई माझ्याजवळ असते. धाकटा भाऊ फोनवर रोज विचारायचा, "आज कशी आहे?", आणि मी "ठीक" म्हणायचे. त्याला काय सांगणार? आंघोळ घालताना ती मला ओळखत नाही आणि ओरडते, हे फोनवर सांगायला शब्द नसतात. चित्रपटात इरावती हर्षे यांच्या इराची जी ओढाताण होते, वडिलांवरची माया आणि त्याच वेळी थकवा, चिडचिड, ती बघून भाऊ उठून गॅलरीत गेला. परत आल्यावर त्याने एवढंच विचारलं, "महिन्यातले कोणते दिवस मी येऊ?" आता तो येतो.

पण कृपा करून रुग्णाला शेजारी बसवून हा पाहू नका. आधी घरातल्या सांभाळणाऱ्यांनी पाहावा.

---

मांडवीतीर

कृष्णाकाठ, तुमचं वाचून गलबललं. सप्रेम नमस्कार.

एका मुद्द्यावर मात्र माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या वडिलांना निदान नुकतंच झालं होतं, त्यांना सगळं कळत होतं, आणि त्यांनीच आग्रह धरला. आम्ही त्यांच्याबरोबर 'अस्तु' पाहिला. त्यांना दुःख झालं नाही असं नाही, पण नंतर त्यांनी पुढचं सगळं स्वतः बोलून ठेवलं: पैशांचं, घराचं, मला अमुक वेळ आली तर अमुक करा. त्यामुळे आजार कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्या माणसाला काय हवंय, हे विचारून ठरवावं. परस्पर ठरवू नये असं मला वाटतं.

आणि मी गोव्याचा, तेव्हा एक कोंकणी नाव देतो: लक्ष्मीकांत शेटगांवकर यांचा 'पलतडचो मुनिस' (2009). महाबळेश्वर सैल यांच्या 'अदृष्ट' या कादंबरिकेवरून. जंगलात एकटा राहणारा वनरक्षक (चित्तरंजन गिरी) आणि गावाने हाकलून दिलेली, मन ठिकाणावर नसलेली एक बाई (वीणा जामकर). त्याने तिला आसरा दिला की गाव उभं राहतं. टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला होता. मराठी माणसाला भाषा बरीचशी कळते, पहिली पंधरा मिनिटं कान बसायला द्या. समुद्र आणि पर्यटक सोडून जो गोवा उरतो तो पाहायचा असेल तर हा पाहा.

---

कृष्णाकाठ

मांडवीतीर, पटलं. आईला दाखवण्याची वेळ आमच्याकडे टळून गेली होती, तुमच्या वडिलांना कळत होतं, हा फरक मोठा आहे. ज्यांच्या घरी सुरुवात आहे त्यांनी तुमचं ऐकावं.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडचं कोणी सांगणार की नाही, म्हणून मीच लिहितो. सतीश मन्वर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009). यवतमाळकडची गोष्ट. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला आणि अलका (सोनाली कुलकर्णी) धसका घेते की आपला किसना (गिरीश कुलकर्णी) पण तसंच करणार. मग ती नवऱ्यावर पाळत ठेवते, लहान पोराला त्याच्या मागे धाडते. किसना बिचारा वैतागतो, त्याच्या डोक्यात फक्त पेरणी आणि पाऊस.

माझ्या मायने हा पाहिला आणि तिला अलका अजिबात वेडी वाटली नाही. "आमी साऱ्या बाया तेच तं करत होतो," म्हणाली. कापसाला भाव पडला त्या वर्षांत घरातल्या बाया रात्री उठून दाराला कडी आहे का बघायच्या, फवारणीचं औषध लपवून ठेवायच्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी तेव्हा शाळेत होतो, शेजारच्या खोलीत झोपलेला असायचो.

बातम्यांत आपल्या जिल्ह्याचं नाव नुसतं आकड्यांबरोबर येतं. यात माणसं हसतात, भांडतात, एकमेकांना गोडधोड खाऊ घालतात. म्हणून घरच्यांबरोबर बघा म्हणतो, एकट्याने नको.

---

सायंतारा

वऱ्हाडी_ठेचा, हा आजच शोधते. मायला नमस्कार सांगा.

एक विचारायचं होतं. भावे-सुकथनकरांचा 'कासव' (2016) कोणी घरातल्या तरुण मुलांबरोबर पाहिलाय का? भाचा वीस वर्षांचा आहे, सध्या फार गप्प असतो.

---

कृष्णाकाठ

पाहिलाय, मुलीबरोबर. चित्रपट अतिशय मायेने केलेला आहे. आलोक राजवाडे यांचा मानव नैराश्यात आहे, इरावती हर्षे यांची जानकी त्याला ओळख ना पाळख अशा अवस्थेत कोकणात समुद्रकाठच्या घरी घेऊन जाते, तिथे कासवांच्या संवर्धनाचं काम चालू असतं. ती त्याला प्रश्न विचारत नाही, खायला घालते आणि राहू देते. पण सुरुवातीलाच त्याचा जीव द्यायचा प्रयत्न आहे. म्हणून भाचा सध्या खरोखर खचलेला असेल तर चित्रपट लावून त्याच्यापर्यंत पोचायला जाऊ नका. आधी त्याच्याशी सरळ बोला, गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्या. 'कासव' आधी तुम्ही आणि त्याच्या आईने पाहा. अशा मुलाजवळ कसं बसायचं, ते त्यातून मोठ्यांना शिकण्यासारखं आहे.

---

सायंतारा

कळलं. उद्याच त्याला भेटायला जाते.

---

जुनी_रीळ

गाणं शिकणारं कोणी घरात असेल तर ताम्हाणे यांचाच 'द डिसायपल', नेटफ्लिक्सवर आहे. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरुळकर रात्री मोटरसायकलवरून मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांनी संथ जातो आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माई यांची जुनी भाषणं. तो माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. त्या एप्रिल 2021 मध्ये गेल्या, आणि त्याच महिन्याच्या शेवटी चित्रपट घरोघरी पोचला. मी दर गुरुवारी एका गुरुजींकडे जातो, वय झालंय, गळा साथ देत नाही. हा चित्रपट रियाजाचं खोटं कौतुक करत नाही, आणि तरीही पाहिल्यावर मी दुसऱ्या दिवशी पहाटे तानपुरा लावला. टीव्हीच्या आवाजावर पाहू नका. चांगले स्पीकर नसतील तर हेडफोन लावा, तानपुरा खाली दबला तर अर्धा चित्रपट गेला.

---

अंगणवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. मी वहीत उतरवून घेतलंय. आई-बाबा आमच्याकडे आहेत तोवर संत तुकाराम, सिंहासन, एलिझाबेथ एकादशी, गाभ्रीचा पाऊस. ते परत गेले की मी आणि नवरा, कोर्ट. 'अस्तु'साठी नणंदेला बोलावणार आहे, तिच्या सासूबाईंचं नुकतंच निदान झालंय. तिला या धाग्याची लिंकही पाठवते.

एकच शंका: बाबांना ऐकू कमी येतं, आणि जुन्या चित्रपटांचा आवाज फार खरखरतो. सबटायटल इंग्रजीत असतात, त्यांना इंग्रजी झरझर वाचता येत नाही. काय करता तुम्ही?

---

उंबराचं_झाड

सासऱ्यांसाठी आम्ही साधं ब्लूटूथ हेडफोन टीव्हीला जोडलं. बऱ्याच टीव्हींवर स्पीकर आणि हेडफोन दोन्ही एकदम चालू ठेवता येतात, आवाजाच्या सेटिंगमध्ये बघा. श्रवणयंत्र असेल तर ते थेट जोडता येतं का, हे जिथून घेतलं तिथे विचारा. टीव्हीत 'संवाद स्पष्ट' अशा अर्थाचा पर्याय असेल तर तो लावा, आणि बास कमी करा, खरखर कमी जाणवते. संत तुकारामच्या वेळी मात्र अभंगांच्या ओळी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बाबांच्या हातात द्या. आमच्या सासऱ्यांना गाण्यांना काही ऐकायची गरजच पडली नाही, तेच म्हणत होते.